टेंपो, पण किती वजनाचा?

उंब्रजला महामार्गाकडेला उभे राहून ‘ओ टेंपोवाले!’ अशी हाक मारा. पाच तऱ्हेच्या गाड्यांचे चालक वळून पाहतील. हे मुळात एका जर्मन कंपनीचे नाव. तिच्या धर्तीची तीनचाकी आपल्याकडे बनू लागली आणि नाव सगळ्या जातीला चिकटले. २००५ साली टाटांची ‘एस’ आली, तिला लोकांनी ‘छोटा हत्ती’ करून टाकले. अमेरिकेतही हीच तऱ्हा! तिथे व्हॅनला अजून ‘अर्ध्या टनाची’, ‘एक टनाची’ म्हणतात; ओझे मात्र त्याहून जास्त वाहते. तेव्हा नावावर जाऊ नये, कागद पाहावा.

आर. सी. बुकात दोन आकडे असतात : रिकाम्या गाडीचे वजन आणि भरल्या गाडीचे कमाल वजन. समजा, ते २,१०० आणि ३,५०० किलो आहेत. मग उरले १,४००. त्यात चालक आणि हमाल मिळून दीडशे किलो गेले, कारण रिकाम्या वजनात माणसे धरत नाहीत. आता तीस किलोची एक, अशा गुळाच्या चाळीस ढेपा चढवा. झाले बाराशे! गाडी निम्मी रिकामी दिसते, पण पन्नासच किलोंची सोय राहिली.

एका पोरसवदा चालकाला मी हे सांगितले, तर तो म्हणाला, “काका, अजून बसतंय की!”

“बसतंय रे बाबा, पण पेलतंय का?”

गाद्यांनी गाडी गच्च भरली तरी स्प्रिंगांना कळत नाही; गुळाने, पुस्तकांनी कळते. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपून उतार लागला, की जादा ओझे ब्रेकवर येते. तिथे ‘बसतंय की’ कामाला येत नाही.

दुसरा आकडा ७,५०० किलोंचा. भरल्या वजनाने तेवढ्यापर्यंतची मालाची वा प्रवाशांची गाडी कायद्याने ‘हलकी’. हलक्या मोटारीचा परवाना असलेल्याने ती भाड्याने चालवली तर चालते का, यावर विमा कंपन्या वर्षानुवर्षे भांडल्या, आणि अपघातात घरचा कर्ता गेलेली कुटुंबे भरपाईसाठी खोळंबली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ‘चालते’ असा निर्वाळा दिला. त्याहून जड गाडीला मात्र वेगळा परवाना हवाच.

पालीच्या खंडोबाला किंवा चाफळला सहकुटुंब जायचे, तर वजनाबरोबर बैठकाही मोजाव्यात. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनियमांत चालक सोडून बारा बैठकांपर्यंतची गाडी मोटारीच्या रांगेत. तेरावी बैठक नोंदली, की ती मिनीबस. तासवड्याच्या नाक्यावर यावरून हुज्जत घालणारे असतात. मागची सीट मोकळीच आहे, म्हणतात. पण तिथे नोंदलेल्या बैठका मोजतात, बसलेली माणसे नव्हेत.