सायकल, मोटार आणि पत

एकेकाळी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात असे. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील कामगार, महाविद्यालयांतील प्राध्यापक, पेठांतील दुकानदार असे सर्व थरांतील लोक सायकलवरून ये-जा करीत. अनेक व्यापारी दुकानाच्या माडीवरच राहत असल्याने त्यांना तेवढीही गरज नसे. पुढे कुटुंबे वाढली, पेठांतील वाडे अपुरे पडले आणि बिऱ्हाडे बिबवेवाडी, कोंढवा, कात्रजकडे सरकली. दुकान मात्र लक्ष्मी रस्त्यावरच राहिले. या वाढलेल्या अंतरावर उपाय म्हणून मोटार दारात आली. आता रस्ते तुंबू लागल्यावर प्रश्न पडतो, की उपनगरातून दुकानी जाण्यासाठी सायकल खरोखर व्यवहार्य आहे काय?

व्यापाऱ्याने या प्रश्नाचे उत्तर भावनेने नव्हे, हिशोबाने शोधावे. कात्रजहून लक्ष्मी रस्ता साधारण आठ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सोळा. वर्षाचे तीनशे दिवस धरल्यास ४,८०० किलोमीटर होतात. गर्दीत मोटार लिटरला बारा किलोमीटर चालली आणि पेट्रोल शंभर रुपये धरले, तर केवळ इंधनाचे ४०,००० रुपये होतात. विमा, दुरुस्ती निराळी. शिवाय घसारा आहेच. आयकराच्या हिशोबात मोटारीवर सर्वसाधारणपणे १५ टक्के घसारा धरतात. आठ लाखांच्या गाडीचे पहिल्याच वर्षी एक लाख वीस हजार. सायकलला हे अंतर सुमारे चाळीस मिनिटांचे. सकाळ-संध्याकाळच्या कोंडीत मोटारीलाही याहून फार कमी वेळ लागत नाही, आणि त्यात गाडी लावण्यासाठी जागा शोधण्याची वेळ मिळवावी लागते.

त्या जागेचाही विचार व्हावा. मालकाची मोटार दुकानासमोर दिवसभर उभी राहते, तेव्हा ती बहुधा ग्राहकाचीच जागा अडवते. एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली सहज मावतात.

तरीही अडचणी खऱ्या आहेत. कात्रजकडून येताना सकाळी उतार लागतो. परतताना दिवसभराच्या थकव्यानंतर चढ. माल बरोबर असेल, वृद्ध आईवडील असतील किंवा पावसाची झड लागली असेल, तर सायकलचा आग्रह धरणे हा हट्ट ठरेल. सर्वांत मोठी अडचण सुरक्षिततेची. सातारा रस्त्यावर सायकलमार्ग झाले, २०१७ मध्ये महापालिकेने शहराचा सायकल आराखडाही मंजूर केला. परंतु मार्ग मध्येच तुटतो, कुठे त्यावर वाहने उभी असतात, कुठे दुकानांचे फलक. व्यापाऱ्यांनी येथे स्वतःलाही एक प्रश्न विचारावा, की त्यांतील फलक कोणाचे?

याखेरीज एक अडचण उघडपणे बोलली जात नाही. शेठ सायकलवरून आले, तर बाजार काय म्हणेल? धंदा बसला, अशी कुजबुज होईल, ही भीती. वास्तविक पत मोटारीवरून ठरत नाही. वेळेवर वटणारा धनादेश, हुंडीचा शब्द आणि स्वच्छ ताळेबंद यांवर ती उभी असते. कर्जाने घेतलेली मोटार ताळेबंदात एका बाजूला मालमत्ता, तर दुसऱ्या बाजूला देणे असते. आणि मालमत्तेची बाजू दरवर्षी घटत जाते.

श्रावकाच्या बारा व्रतांमध्ये अनर्थदंडविरतीला स्थान आहे. प्रयोजनावाचून होणारी हिंसा टाळावी, असा त्याचा आशय. एका माणसाला किलोमीटरभरावरील देरासरात किंवा स्थानकात नेण्यासाठी टनभर वजनाचे यंत्र धूर सोडीत निघावे, यात प्रयोजन किती आणि सवय किती, हे ज्याचे त्याने तपासावे.

म्हणून निर्णय सबगोल नको. आठ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, एकट्याने जाणाऱ्या, निरोगी माणसाला सायकल आठवड्यातून दोन-तीन दिवस निश्चित जमण्यासारखी आहे. चढासाठी विजेवर चालणारी सायकलही मिळते. त्याहून दूर राहणाऱ्याने ती बसथांब्यापर्यंत किंवा मेट्रो स्थानकापर्यंत न्यावी. स्वारगेटपर्यंत मेट्रो २०२४ मध्ये सुरू झालेली आहे. प्रारंभ मात्र मंदिर, बँक, भाजी अशा जवळच्या फेऱ्यांपासून करावा.

शेवटी एक गोष्ट समाजाने विसरू नये. साधु-साध्वी आजही पायी विहार करतात, आणि भरधाव वाहनांनी विहारात घेतलेले बळी समाजाने पाहिले आहेत. प्रत्येक वेळी शोकसभा होते, सुरक्षित वाटेची मागणी होते. सायकलस्वाराला हवी असलेली रस्त्याकडेची अखंड, मोकळी पट्टी आणि विहारासाठी हवी असलेली वाट या दोन निराळ्या गोष्टी नाहीत. ती मागण्याचा अधिकार त्यालाच शोभेल, ज्याने आपल्या दुकानासमोरची पट्टी आधी मोकळी केली आहे.