जुगाऱ्याला दैव नको, गणित हवे

१/ खान्देशात आखाजीला पत्त्यांचे डाव रंगतात आणि हरणारा दैवाला बोल लावतो. फाशांवर चालणाऱ्या काल्पनिक भूमिकाखेळांतही जुगारी पात्राला बहुधा अनुकूल दैवाचेच वरदान मिळते. ही कल्पना अपुरी आहे.

२/ चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापिल्याचा यादवकालीन शिलालेख आहे. ‘लीलावती’तील (इ.स. ११५०) अंकपाश प्रकरण अंकांच्या किती मांडण्या संभवतात, हे मोजण्याची रीत सांगते.

३/ तीच दृष्टी फाशांना लावावी. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी बेरीज ७ येण्याच्या ६. १२ येण्याची केवळ १.

४/ खान्देशी जुगारी पात्राचे सामर्थ्य हेच असावे. दैवावर विसंबणारा पुढच्या डावाची वाट पाहतो. मोजणाऱ्याला उठण्याची वेळ कळते.