साच्यातली टॅक्सी

दिवाळीचा आठवडा हा मराठी घरांत साच्यांचा आठवडा असतो. वर्षभर माळ्यावर पडलेला सोऱ्या खाली उतरतो आणि चकलीची चकती नेमकी त्याच दिवशी हरवलेली असते. करंजीचा साचा शेजारच्या काकूंकडे गेलेला असतो. तो परत मागवताना दोन्ही घरांच्या संबंधांची थोडी परीक्षा होते. मुलांच्या किल्ल्यावर जे मावळे पहारा देतात तेही साच्यातूनच आलेले, एकाच मिशीचे आणि एकाच भाल्याचे. भाद्रपदात आपण ज्या मूर्तीपुढे हात जोडतो तीही पुष्कळदा पेणच्या एखाद्या कारखान्यात रबरी साच्यातूनच बाहेर पडलेली असते. असे असताना आमच्या घरातल्या आणखी एका साच्याची इमारतभर एवढी चर्चा का व्हावी, हे मला उमगलेले नाही.

माझा साचा सिलिकोन रबराचा आहे. हाताला खरवसाच्या वडीसारखा लागतो. त्यातून मोटारगाडी निघते. रेझिनची, सुमारे ९ सेंटिमीटर लांबीची, दरवाजांच्या मुठींसकट. मी कॉलेजात मराठी शिकवतो. चाळिशी उलटलेल्या मराठीच्या प्राध्यापकाने फावल्या वेळात ग्रंथ लिहावा, निदान उत्तरपत्रिका तपासाव्यात, अशी समाजाची अपेक्षा असते. तो मोटारी ओततो म्हटल्यावर मंडळी आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "पण या बाजारात मिळत नाहीत का हो?"

प्रश्न रास्त आहे. उत्तर देण्यासाठी मात्र थोडे लिव्हरपूलला जाऊन यावे लागते. तिथल्या मेकॅनो कंपनीने १९३४ साली 'डिंकी टॉइज' या नावाने धातूच्या छोट्या मोटारी विकायला सुरुवात केली. कंपनीच्या हॉर्नबी आगगाड्या आधीपासून घरोघर होत्या. इंग्लंडात त्या आगगाड्यांचे माप एका फुटाला ७ मिलिमीटर असे धरत, म्हणजे मूळ वस्तूचा साधारण त्रेचाळिसावा भाग. जगभरचे शौकीन आजही १:४३ हे जे माप मानतात, त्याचे कूळ हे असे रुळांवरचे आहे.

या धातूच्या मोटारी पोलादी साच्यात जस्ताचा मिश्रधातू दाबाने भरून तयार होतात. पोलादी साचा करणे फार खर्चाचे. हजारो मोटारी विकल्याशिवाय तो खर्च निघत नाही. पण एकदा झाला की तो साचा दीर्घायुषी. डिंकीचे काही साचे साठच्या दशकाच्या अखेरीस आपल्याकडे आले आणि त्यांतून कलकत्त्यात 'निकी टॉइज' निघू लागल्या. लिव्हरपूलचा कारखाना १९७९ साली बंद झाला.

तेव्हा बाजाराला हजारांची भाषा कळते. पण ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत एखादी गाडी एकदाच धावते, पहाटेपर्यंत बंद पडते आणि विसरली जाते. तिच्या हजार प्रतिकृती कोण घेणार? पन्नास मात्र जाणार, कारण ती गाडी न विसरलेले तेवढे लोक जगात असतातच. १९७० नंतरच्या दशकांत इंग्लंड-फ्रान्समधल्या काही हौशी मंडळींनी घरगुती कारखान्यांत मोटारी ओतायला सुरुवात केली, आधी कथील-शिशाच्या मिश्रणात आणि मग रेझिनमध्ये, ती या पन्नासांसाठी. आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी 'मीरा' नावाची छोटी मोटार जिद्दीने स्वतः तयार केली. ती मोटार कारखान्यातून कधी विक्रीला आली नाही. जी गाडीच विकली गेली नाही, तिचे खेळणे कोण विकणार? ते घरीच करावे लागते.

माझी गाडी काही इतकी दुर्मिळ नाही. ती आहे मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात इटलीच्या फियाटच्या आराखड्यावरून ही गाडी तयार होत असे आणि मुंबईची टॅक्सी म्हणजे हीच, असे कित्येक वर्षे समीकरण होते. टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला झाली. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा. त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचा रस्त्यावरचा हक्क संपला. बेस्टच्या जुन्या डिझेलच्या लाल दुमजली बसगाड्याही त्याच वर्षी सप्टेंबरात गेल्या होत्या. दोन महिन्यांत शहराची दोन रूपे हरपली.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे खेळणे दुकानात मिळते, नाही असे नाही. परंतु ती नुसती 'एक टॅक्सी' असते. मला हवी होती ती आमच्या मागच्या चाळीतल्या काकांची टॅक्सी.

काका मूळचे साताऱ्याकडचे. त्यांनी सव्वीस वर्षे मुंबईत टॅक्सी चालवली. त्यांची गाडी वय भरल्यावर २०२० साली भंगारात गेली. तिचा एकच फोटो त्यांच्याकडे आहे, तोही त्यांच्या मुलीच्या लग्नातला. वऱ्हाडाच्या मागे गाडी अर्धीच दिसते. उरलेली अर्धी काकांच्या डोक्यात होती. ती काढून घेण्यासाठी मी पावसाळ्यातले चार रविवार त्यांच्याकडे चहा प्यालो.

"सर, मीटर बाहेर घ्या, डाव्या अंगाला," काका म्हणाले. "पलीकडच्या खिडकीतनं हात काढून झेंडा पाडायचा, मग गाडी हलवायची. वर कॅरिअर पाहिजे. अन् मागच्या डाव्या मडगार्डला पोचा होता, तो ठेवा."

"पोचा कशाला, काका? नवीकोरी करू या की."

"नवीकोरी माझी नव्हतीच," काका म्हणाले.

मग त्यांनी २६ जुलै २००५ ची रात्र सांगितली. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण सर्वांनी वाचले आहे. काका सायनच्या पुढे अडकले होते. मागच्या सीटवर एक बाई आणि तिचा शाळकरी मुलगा. पाणी दारापर्यंत चढले तेव्हा काकांनी दोघांना टपावर, कॅरिअरमध्ये बसवले आणि स्वतः छातीभर पाण्यात गाडीला धरून उभे राहिले. पाण्याच्या लोंढ्याने गाडी सरकली आणि दुभाजकावर आपटली. पहाटे त्या मायलेकरांना कुणीतरी दोराने पलीकडे नेले. "भाडं राहिलंच," काका हसून म्हणाले. पोचा त्यांनी पुढे कधी ठोकून काढला नाही.

आता ओतकामाविषयी. सगळी मेहनत पहिल्या गाडीत असते. मऊ लाकडातून गाडी कोरायची, आतून पोखरायची, पुटिंग भरायचे, पॉलिश पेपरने घासायचे, पुन्हा भरायचे, पुन्हा घासायचे. आजची पोरे हीच मूळ गाडी संगणकावर रेखाटून त्रिमिती छपाईच्या यंत्रावर काढतात. माझ्या एका विद्यार्थ्याने चाके मला तशीच करून दिली. वरचा अस्तराचा रंग गुळगुळीत बसेपर्यंत सुटका नाही, कारण सिलिकोन फार चिकित्सक. लाकडाची रेष काय, बोटाचा ठसासुद्धा तो टिपून घेतो.

मग गाडी अर्धी प्लॅस्टिसीनमध्ये रुतवायची, सभोवती चौकट करायची (आमच्या कन्येचे ठोकळे या कामाला उत्तम, फक्त ते तिला विचारून घ्यावेत) आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चार खळगे करायचे, म्हणजे साच्याची दोन शकले पुढे एकमेकांत नेमकी बसतात. प्लॅस्टिसीन गंधक नसलेले घ्यावे. एका जातीच्या सिलिकोनला गंधकाचे असे वावडे आहे की ते तिथे घट्टच होत नाही. सिलिकोन कोपऱ्यातून, उंचावरून, तुपासारख्या बारीक धारेने सोडावे. बुडबुडे धारेतच फुटतात. रात्रभर ठेवून उलटे करावे, प्लॅस्टिसीन काढावे, व्हॅसलीनचा हात फिरवून दुसरा अर्धा भाग ओतावा. व्हॅसलीन विसरले तर दोन शकलांचा संसार कायमचा एकत्र होतो.

साच्यात किती रेझिन मावेल हे पाहायला तांदूळ भरून मोजावेत. पाणी वापरू नये, कारण पॉलियुरेथेन रेझिनला ओलावा मुळीच सोसत नाही. ते फसफसते आणि गाडीचा ढोकळा होतो. म्हणून मी पावसाळ्यात कोरतो आणि थंडीत ओततो. रेझिनचे दोन भाग असतात. ते मापाने एकत्र केले की हातात काही मिनिटेच उरतात. ढवळायचे, साच्यात सोडायचे, साचा हलकेच ठोकायचा. भांडे तळहाताला गरम लागू लागते आणि पाण्यासारखे रेझिन पाहता पाहता हस्तिदंतासारखे होते. अर्ध्या तासाने साचा उघडताना अजूनही माझे काळीज उडते.

या कामात नवशिक्यांनी एक गोष्ट थट्टेवारी नेऊ नये. रेझिनच्या वाफा आणि घासतानाची धूळ, दोन्ही छातीला वाईट. खिडक्या उघड्या हव्यात, हातात मोजे आणि तोंडाला योग्य तो मुखवटा हवा, लहान मुले दूर हवीत. आणि स्वयंपाकघरातली वस्तू एकदा इकडे आली की ती परत जाऊ नये. हा शेवटचा कायदा आमच्या सौभाग्यवतींनी केलेला आहे. "अहो, तो वजनकाटा आता तुमचा झाला," ती म्हणाली. "पुन्हा माझ्या ओट्यावर दिसता कामा नये. तांदूळसुद्धा." मला हा कायदा पूर्ण मान्य आहे.

मध्यंतरी एक सद्गृहस्थ घरी आले. त्यांच्याजवळ एका परदेशी कारागिराने हाताने घडवलेली सुंदर गाडी होती. "हिच्या दहा काढून द्या," ते म्हणाले, "कुणाला कळणार आहे?" मी गाडी डोळे भरून पाहिली आणि परत दिली. नकलेवरून काढलेली नक्कल केसभर लहान होते, म्हणून जाणकाराला ती कळतेच. पण खरी अडचण वेगळी आहे. दुसऱ्याच्या मूळ कामावरून साचा काढणे या छंदात चोरीच मानतात, आणि ही चोरी अशी की तीत चोराच्या नव्हे, मालकाच्याच बोटांचे ठसे उमटतात. ते गृहस्थ जरा रागावूनच गेले.

ओतकाम ही आपल्याकडची जुनीच विद्या. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ११२९ च्या सुमारास रचलेल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाला आम्ही मराठीवाले मान देतो, तो त्यात जुन्या मराठीच्या काही ओळी सापडतात म्हणून. त्याच ग्रंथात मेणाची मूर्ती करून, तिच्यावर माती लिंपून, मेण वितळवून धातू ओतण्याची रीत दिली आहे. त्या रीतीत साचा फोडावाच लागतो. एका साच्याची एकच मूर्ती. पोलादी साचा हजारोंना पुरतो. आमचा रबरी साचा या दोहोंच्या मधला. प्रत्येक ओतकामाची उष्णता त्याला थोडे थोडे खाते. कडा फाटतात, बारीक नक्षी जाते, पंचवीस-तीस गाड्यांनंतर तो थकतो.

माझा साचा गेल्या थंडीत सत्तावीस टॅक्सी देऊन थांबला. सत्तावीस हा आकडा मोठा चमत्कारिक. विकायला फार थोडा, आणि वाटायला निघालो की फार नेमका. कुणाला द्यायची याचा विचार करावा लागतो. काही स्टँडवरच्या जुन्या सोबत्यांना गेल्या, एक त्यांच्या मुलीला, एक चाके देणाऱ्या विद्यार्थ्याला. पितळी तारेचे कॅरिअर आणि डाव्या अंगाचा मीटर मी प्रत्येकीला हाताने बसवला.

पहिली अर्थात काकांची. त्यांनी ती चष्मा लावून पाहिली, मागच्या डाव्या मडगार्डवरून अंगठा फिरवला आणि टीव्हीवर, आपल्या टॅक्सीच्या बिल्ल्याशेजारी, रस्त्याकडे तोंड करून ठेवली.

आमच्या घरी येणारा पाहुणा मात्र कपाटातली गाडी हातात घेतो आणि सहानुभूतीने म्हणतो, "सर, एवढी छान झाली होती, पण ओतताना इथे जरा खड्डा पडलेला दिसतो." जुन्या पोथीचे संपादन करताना आम्ही मुळातला शब्द, कितीही खटकला तरी, बदलत नाही, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. पाहुण्याला मी तेवढे सांगत बसत नाही. "बसा," म्हणतो, "चहा टाकायला सांगतो. त्या खड्ड्याची गोष्ट जरा लांबलचक आहे."