म्हणायला राजवाडा, होता तुरुंग

हेदवीला आलेला पाहुणा सकाळी दशभुज गणेशाचं दर्शन घेतो, भरतीची वेळ साधून बामणघळीवर जातो आणि मग तवसाळला फेरीबोटीत गाडी चढवून जयगडमार्गे गणपतीपुळे, रत्नागिरी गाठतो. रत्नागिरीत पाहायच्या ठिकाणांमध्ये थिबा पॅलेस असतोच. लालसर भव्य इमारत, कमानदार खिडक्या, चार फोटो, की निघाले. या वास्तूत एक राजा कैदेत मेला, हे कळायलाही पाहुणा तिथे थांबत नाही. आपण, म्हणजे इथली माणसं, त्याला थांबवत नाही. म्हणून हे मुद्दे.

१. आधी ही वास्तू काय होती ते स्पष्ट सांगू. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं आणि ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला राणी आणि मुलींसह आधी मद्रासला नेलं. एप्रिल १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीत आणलं, तेव्हा तो २७ वर्षांचा होता. त्याच्यावर खटला चालला नाही. शिक्षाच ठरलेली नव्हती, त्यामुळे सुटकेची तारीखही नव्हती. सरकारी तनखा, पोलिसांचा पहारा आणि बाहेर पडायचं तर परवानगी, अशी ३० वर्षं गेली. हा वाडा १९१० मध्ये बांधून झाला, म्हणजे त्यातली पहिली २४ वर्षं इतर बंगल्यांत सरली. डिसेंबर १९१६ मध्ये राजा इथेच वारला. प्रवेशद्वाराशी मोठ्या अक्षरांत, मराठीत, हे सगळं वाचायला मिळालं पाहिजे.

२. या तुरुंगाची भिंत म्हणजे आपला किनारा, हे आपणच सांगायला हवं. राजाला ठेवायला रत्नागिरी निवडली, कारण ती आडवळणाची होती. रेल्वे नव्हती, येणंजाणं बोटीने आणि पावसाळ्यात बोटी बंद. हेदवी, वेळणेश्वर, गुहागरच्या जुन्या माणसांना ही दुर्गमता ऐकून नव्हे, सोसून ठाऊक आहे. आजारी माणसाला खाडीपार न्यायचं म्हणजे काय, हे या गावांना कोणी शिकवायला नको. आपल्याला ज्याने अडवलं, त्यानेच त्या राजाला कोंडलं. कोकणी वाटाड्या हे जितक्या जाणतेपणाने सांगेल, तितकं दुसरं कोणी सांगू शकणार नाही.

३. कैद एकट्याची नसते. राजाला चार मुली. त्यांचं वय वाढत गेलं, पण राजघराण्याला साजेसं स्थळ या बंदिवासात कुठून येणार? थोरल्या राजकन्येला तिथल्याच गोपाळ सावंत या नोकरापासून मुलगी झाली, टुटू. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात परतलं, तरी थोरली लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. टुटू इथेच मराठी बोलत, गरिबीत संसार करत जगली आणि २००० साली वारली. राजाइतकीच जागा वाड्यातल्या संग्रहालयात या नातीच्या आयुष्याला मिळायला हवी.

४. समाधीकडेही वाट वळवा. थिबाची समाधी शहरातच आहे, पण सहलीच्या गाड्या तिकडे क्वचित वळतात. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे, म्हणजे पूर्वीच्या ब्रह्मदेशाचे, अध्यक्ष थेन सेन तिथे येऊन नतमस्तक झाले. आपला शेवटचा मुघल बादशहा बहादूरशाह जफर १८६२ मध्ये रंगूनला कैदेत वारला, त्याच्या कबरीपाशी भारतीय जातात तेव्हा त्यांचे डोळे भरून येतात. दुसऱ्याच्या राजाची माती आपल्याकडे आहे. ती तितक्याच मायेने जपणं आपलं कर्तव्य आहे.

५. चालू तुरुंग पाहताना भान हवं. सावरकरांना अंदमानहून आणल्यावर १९२१ ते १९२३ या काळात ज्या रत्नागिरी कारागृहात ठेवलं, ते आजही वापरात आहे. येरवड्याला २६ जानेवारी २०२१ पासून कारागृह पर्यटन सुरू झालं. इतिहास जरूर दाखवावा, पण आत आज माणसं आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवणं, त्यांचे फोटो काढणं कदापि होऊ नये, आणि हा नियम दारावरच बजावला जावा.

६. चांगला नमुना देशातच आहे. अंदमानच्या सेल्युलर जेलच्या सात शाखांपैकी तीनच उरल्या, पण १९७९ मध्ये राष्ट्रीय स्मारक झालेल्या त्या जागी कैद्यांची नावं संगमरवरावर कोरलेली आहेत आणि माणूस आत शिरताच आवाज खाली आणतो. हा शांतपणा पैशाने येत नाही, सांगण्याने येतो.

७. मग करायचं काय? पुरातत्त्व विभागाने वाडा आणि समाधी जोडणारी एकच माहितीपत्रिका मराठीत आणि बर्मीत काढावी. गुहागर तालुक्यातल्या शाळांनी सहलीआधी एक तास या गोष्टीला द्यावा. हेदवीत खोल्या देणाऱ्या घरांनी पाहुण्याला मोदकाबरोबर ही हकिकतही द्यावी.

तवसाळच्या धक्क्यावर आपण तिकीट काढतो, खाडी ओलांडतो आणि संध्याकाळी घरी परततो. वाड्याच्या टेकडीवरून दिसणारा समुद्र तोच आहे. पाहुण्याने तो पाहताना एवढं जरी मनात आणलं, की इथे उभ्या राहिलेल्या एकाला तीस वर्षं ही बोट मिळाली नाही, तरी त्याची फेरी सार्थकी लागली.