नाव पुसले तरी जात उरते
मोबाईलवर कोण काय पाहतो, किती वेळ पाहतो, कोणती जाहिरात कोणासमोर येते याची नोंद क्षणोक्षणी होत असते. ही नोंद कंपन्यांच्या तिजोरीत असते, समाजाच्या हाती नसते. म्हणून संशोधकांनी एक मार्ग काढला. लोकांनीच स्वखुशीने आपल्या वापराची माहिती अभ्यासासाठी द्यायची. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी अशाच स्वयंसेवकांच्या मदतीने फेसबुकवरील राजकीय जाहिराती गोळा केल्या. ऑगस्ट 2021 मध्ये फेसबुकने या संशोधकांचीच खाती बंद केली आणि कारण दिले लोकांच्या खासगीपणाचे! लोकांच्या माहितीवर धंदा करणाऱ्यांनी खासगीपणाचा कैवार घ्यावा, हा विनोदच म्हटला पाहिजे.

अशा मोजमापाला आपला विरोध असण्याचे कारण नाही. जातनिहाय जनगणनेची मागणी करणारा समाज मोजणीला घाबरत नाही. द्वेषाचा मजकूर कोणत्या वस्तीत पोहोचतो, नोकरीची जाहिरात कोणाला दिसते आणि कोणाला दिसत नाही, हे कळायलाच हवे. प्रश्न मोजण्याचा नाही. मोजलेल्या माणसाचे पुढे काय होते, हा आहे.

'तुमचे नाव काढून टाकले आहे' असे सांगितले की लोक निश्चिंत होतात. वास्तविक पाहता नाव काढल्याने ओळख पुसली जात नाही. 2006 मध्ये एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लाख वापरकर्त्यांनी इंटरनेटवर काय काय शोधले, त्याची यादी नावांऐवजी क्रमांक घालून जाहीर केली. पत्रकारांनी थोड्याच दिवसांत त्यातल्या एका महिलेचे घर शोधून काढले.

आपल्याकडे तर घर शोधण्याचीही गरज नाही. 14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला तुम्ही काय पाहिले, भीमगीते किती ऐकली, कोणत्या शिष्यवृत्तीचा अर्ज उघडला, कोणते दैनिक वाचले, एवढ्यावरून जात कळते. घर भाड्याने घेताना आडनाव लपवणारे आपल्यातले अनेक जण आहेत. आडनाव लपवता येईल, पण मोबाईलमधला इतिहास कसा लपवणार?

दुसरा प्रश्न संमतीचा. केंब्रिज अ‍ॅनालिटिका प्रकरणातले ॲप भारतात फक्त 335 जणांनी घेतले होते. पण ॲप घेणाऱ्यांच्या मित्रयादीमार्फत आणखी 5,62,120 भारतीयांची माहिती गेली असण्याची शक्यता फेसबुकनेच एप्रिल 2018 मध्ये मान्य केली. 335 जणांनी 'हो' म्हटले, बाकीच्यांना कोणी विचारलेही नाही. एकाची संमती ही त्याच्या घराची, वस्तीची किंवा व्हॉट्सअ‍ॅप गटाची संमती होऊ शकत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर सहा वर्षांनी, 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याच्या कलम 6 नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. संमतीपूर्वीची सूचना मराठीत वाचण्याचा पर्यायही द्यावा लागतो. कागदावर हे उत्तम आहे. पण नियम निघाले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि संमतीची कलमे त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू करण्याची तरतूद झाली.

खरी मेख कलम 17 मध्ये आहे. संशोधन आणि सांख्यिकीच्या कामाला या कायद्यातून सूट मिळते. नियमांतील मानके पाळायची आणि त्या माहितीवरून एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घ्यायचा नाही, एवढ्याच अटी. पण निर्णय व्यक्तीबाबत न घेता वस्तीबाबत घेतला तर? समाजाबाबत घेतला तर? जात ही व्यक्तीला नव्हे, समूहाला लावलेली खूण आहे. समूहावर होणारा अन्याय या अटीत बसतच नाही.

शिवाय एकदा साठवलेली माहिती मागताही येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 नुसार पोलीस तपासासाठी डिजिटल नोंदी हजर करण्याचा आदेश देऊ शकतात. याउलट 1948 च्या जनगणना कायद्याचे कलम 15 पाहा. जनगणनेची नोंदवही कोणालाही हक्काने पाहता येत नाही. त्या कायद्याखालील गुन्हा सोडला तर ती पुरावा म्हणूनही चालत नाही. म्हणजे लोकांना मोजायचे तर आधी त्यांना अभय द्यावे लागते, हे या देशाच्या कायद्याला तेव्हापासून ठाऊक आहे. मोबाईलच्या मोजणीला मात्र तसे अभय नाही.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. मूळ नोंद वापरणाऱ्याच्या मोबाईलमध्येच राहावी, बाहेर फक्त एकत्रित बेरीज जावी. लहान गटाची बेरीज जाहीर करू नये, कारण गट लहान असला की माणूस ओळखू येतो. जे साठवलेच नाही ते चोरता येत नाही आणि मागताही येत नाही. स्वेच्छेने दिलेल्या माहितीला जनगणनेसारखे कायद्याचे कवच मिळावे. समूहाविरुद्ध वापर करण्यास स्पष्ट बंदी असावी. रिचार्जचे किंवा रोख पैशांचे आमिष दाखवून गरिबाकडून घेतलेला होकार ही स्वेच्छा नव्हे, हेही लिहून घ्यावे.

तोपर्यंत वस्तीत असा कोणी सर्वेक्षणवाला आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. माहिती कुठे ठेवणार? कोणाला देणार? मी नको म्हटले तर कधी पुसणार? उत्तर मराठीत आणि लेखी घ्या. ते मिळत नसेल तर अंगठा उचलून घ्या.