कातडी सोलणं हे प्राक्तन नव्हे

“पोटावर पिशवी आली की भोवतालची कातडी सोलायचीच. जीव वाचला ना? मग एवढं सोसायचं.” मिरजेजवळच्या आमच्या माधवनगरात हे इतक्या मायेनं सांगतात की खोडून काढणं जड जातं. तरी खोडलंच पाहिजे, कारण या समजुतीपायी माणसं बरी होणारी आग सोसत राहतात.

मळ बाहेर यावा म्हणून शस्त्रक्रियेनं पोटावर काढलेलं आतड्याचं तोंड म्हणजे स्टोमा; पिशवी त्यावर बसते. स्टोमाभोवतीची कातडी पोटाच्या दुसऱ्या बाजूसारखीच दिसायला हवी. स्टोमा स्वतः लाल आणि ओलसर असतो, पण त्याला स्पर्शाची वेदना कळत नाही. आग होते ती कातडीची, आणि बहुतेक वेळा पिशवी कातडीला चिकटवणाऱ्या चकतीखाली मळ झिरपल्यामुळे. लहान आतड्याच्या स्टोमातून येणाऱ्या पातळ मळात पाचकरस असतात. ते कातडीही खातात. शस्त्रक्रियेनंतर सहा ते आठ आठवडे स्टोमा आकसत जातो. चकतीचं भोक मात्र पहिल्याच मापानं कापलं जातं, आणि उघड्या राहिलेल्या कातडीवर मळ साचतो. म्हणून या काळात दर वेळी नवं माप घ्यावं. भोक स्टोमापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं ठेवावं.

“डेटॉलनं पुसा, खोबरेल लावा” हा सल्लाही टाकून द्यावा. जंतुनाशकानं कातडी चिडते, तेलावर चकती चिकटत नाही. कोमट पाणी पुरे. मग मऊ कापडानं टिपून कातडी पूर्ण कोरडी करावी. चकती खसकन ओढू नये. वरून खाली, एका हातानं कातडी दाबून धरत सोडवावी.

खर्चाचा आक्षेप खरा आहे. पिशव्या महाग आहेत, आणि त्या पुरवून वापरणाऱ्याला दोष देणं अन्यायाचं होईल. पण गळणाऱ्या चकतीला वरून चिकटपट्टी लावून दिवस ढकलले, तर ओल्या, सोललेल्या कातडीवर पुढची चकतीही टिकत नाही. पिशव्या जास्तच लागतात. खाज किंवा आग सुरू झाली की चकती त्याच दिवशी बदलावी.

अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी 1950च्या दशकात कातडीच्या रक्षणासाठी कराया डिंक वापरला. तो डिंक ज्या कांडोळाचा, ते झाड आपल्या महाराष्ट्राच्या रानातही वाढतं. इतक्या वर्षांपूर्वी उपाय सापडलेल्या दुखण्याला नशीब कसं म्हणायचं?

मिरजेत डॉक्टर वानलेसांनी 1894 साली रुग्णालय काढलं. तेव्हापासून शस्त्रक्रियेसाठी आम्हाला लांब जावं लागत नाही. आता आग्रह हवा तो एवढाच: घरी सोडण्याआधी रुग्णानं परिचारिकेसमोर स्वतः माप घेऊन, भोक कापून, एकदा तरी पिशवी बदललेली असावी. घरातलं एक माणूसही तेव्हा शेजारी उभं असावं.