चित्रकलेचा तास आणि अंगणातला कडुनिंब

गेल्या महिन्यात देशावरील एका गावी शाळेचे चित्रप्रदर्शन पाहण्याचा योग आला. भिंतींवर साठएक चित्रे मांडली होती. त्यांपैकी निम्म्याहून अधिक चित्रांत दोन डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, वळसे घेत जाणारी नदी आणि तिच्या काठी कललेला नारळ एवढाच ऐवज होता. त्या गावाच्या पंचक्रोशीत नारळाचे झाड औषधालाही सापडणार नाही. उलट, शाळेच्या अंगणात एक जुना कडुनिंब उभा आहे आणि मधल्या सुट्टीत मुले त्याच्याच सावलीत डबा खातात. साठ चित्रांपैकी एकाही चित्रात तो कडुनिंब नव्हता.

यात मुलांचा दोष नाही. त्यांनी पुस्तकातल्या चित्रावरून चित्र काढले आणि पुस्तकातले चित्रही बहुधा दुसऱ्या कुठल्या चित्रावरूनच काढलेले असावे. नाव निसर्गचित्राचे, परंतु या साऱ्या व्यवहारात निसर्गाशी कोणाचीही गाठ पडलेली नाही.

कलावंत निसर्गापासून प्रेरणा घेतो, हे वाक्य आपण शालेय निबंधापासून सत्कारसमारंभापर्यंत इतक्या वेळा ऐकतो की, त्याचा अर्थ विचारण्याचे आपल्याला सुचतही नाही. वस्तुतः या एका वाक्यात दोन निरनिराळी कामे सामावलेली आहेत. पहिले काम पाहण्याचे. समोरची वस्तू मनातल्या ठरीव आकाराहून कोठे वेगळी आहे, हे कळेपर्यंत तिच्याकडे पाहत राहावे लागते. दुसरे काम, जे दिसले ते आपल्या माध्यमात, म्हणजे दगडात, सुतात वा रंगात, नव्याने घडविण्याचे. यांपैकी एक जरी गाळले, तरी हाती उरते ती केवळ नक्कल.

मुंबईच्या बोरीबंदर स्थानकाचे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे, उदाहरण घ्यावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये या इमारतीचे काम सुरू झाले आणि ते सुमारे दहा वर्षे चालले. इमारतीचा घाट विलायती गॉथिक वळणाचा. परंतु तिच्यावरील नक्षीकामात १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. या दगडी पाना-फुलांत मोर आहेत, माकडे आहेत, आपल्या ओळखीचे इतरही जीव आहेत. प्रवेशद्वाराच्या खांबांवरील सिंह आणि वाघ ही दोन देशांची चिन्हे होत. तशी चिन्हे कोणत्याही राजधानीत शोभली असती. भिंतीवरच्या मोराचे तसे नाही. ज्याने मोर पाहिला आहे, त्याच्याच हातून तो उतरला असावा, असे तो पाहताना वाटते. त्याच्याखालून रोज लाखो लोक गाडी गाठण्यासाठी धावत जातात. एखाद्या दिवशी गाडीला उशीर झाला, तर त्यांनी मान वर करून पाहावे.

यावर एक आक्षेप संभवतो, व तो रास्त आहे. अनुकरणावाचून कोणती कला शिकता आली आहे? याच कलाशाळेचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती तयार केल्या. पैठणी विणणारा कारागीरही मोर, पोपट आणि कमळ वाडवडिलांच्या नमुन्यावरूनच उचलतो. मग शाळकरी मुलांनाच बोल का लावावा?

उत्तर असे की, थोरांचे अनुकरण करताना त्यांनी काय पाहिले आणि ते कसे उतरविले, हे शिकणाऱ्याला उमगत जाते. पैठणीतला मोर खऱ्या मोरासारखा हुबेहूब नसतो. तो तसा असूही शकत नाही. उभ्या आणि आडव्या धाग्यांच्या मागात गोलाई पायरीपायरीनेच आणावी लागते. तेव्हा मानेचा बाक कोठे राखायचा आणि पिसाऱ्यातले काय सोडून द्यायचे, याचा निर्णय कोणा विणकराने कधीतरी घेतला आणि पुढच्या पिढ्यांनी तो पारखून ठेवला. ती परंपरा निर्णयांची आहे. पुस्तकातल्या डोंगर-सूर्याच्या मागे असा कोणताच निर्णय नाही.

ही गोष्ट केवळ चित्रकारांपुरती नाही. जपानमध्ये अतिवेगवान आगगाडी बोगद्यातून बाहेर पडताना, पुढे दाबल्या गेलेल्या हवेमुळे, मोठा आवाज होई व आसपासच्या वस्तीला त्याचा उपद्रव होई. एइजी नाकात्सु या अभियंत्याला पक्षिनिरीक्षणाचा छंद होता. खंड्या पक्षी हवेतून पाण्यात सूर मारतो, तेव्हा पाणी फारसे उडत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. १९९७ मध्ये धावू लागलेल्या ५०० मालिकेच्या गाडीचे लांब, निमुळते नाक त्या चोचीवरून सुचले. खंड्या आपल्याकडच्या ओढ्याकाठीही असतो. फरक असला तर तो पाहणाऱ्याच्या नजरेत आहे.

ही नजर घडविण्याची जागा म्हणजे शाळेतला चित्रकलेचा तास. परीक्षा जवळ आली की, गणित वा इंग्रजीसाठी पहिला बळी याच तासाचा जातो. शासनाच्या चित्रकला परीक्षांतील श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. तथापि, त्या गुणांसाठी ठरावीक नमुने घोटून घेण्याची वहिवाट पडली, तर हेतूच फसला असे म्हणावे लागेल. आता तर चार शब्द लिहिले की यंत्रच मोराचे सुबक चित्र काढून देते. अशा काळात चित्र मिळण्याची वाण उरलेली नाही. वाण आहे ती मोराकडे पाहणाऱ्याची.

म्हणून शिक्षकबंधू-भगिनींना एक साधी सूचना करावीशी वाटते. तिला अनुदान लागत नाही की परिपत्रक लागत नाही. महिन्यातून एक तास मुलांना अंगणात न्यावे, प्रत्येकाच्या हाती कडुनिंबाची एक डहाळी द्यावी आणि तासभर तिचेच चित्र काढू द्यावे. पहिली दहा मिनिटे सारी मुले मनातले पान काढतील, मधोमध शीर आणि दोन्ही बाजू सारख्या. मग एखादे मूल थांबेल. कडुनिंबाच्या पानाच्या दोन बाजू सारख्या नसतात, देठाशी एक बाजू रुंद आणि एक अरुंद असते, पान कोयत्यासारखे किंचित वळलेले असते व त्याच्या कडेला दाते असतात, हे त्याला दिसेल. पुढच्या तासाला त्याच वळणाची वेलपट्टी करावयास सांगावे. ती कदाचित ओबडधोबड होईल, परीक्षकाला रुचेल असेही नाही. पण ती त्या मुलाची स्वतःची असेल आणि पुढील वर्षीच्या प्रदर्शनात निदान एका कागदावर तरी अंगणातला कडुनिंब दिसेल.